सोळा गाठी

लर्विक, शेटलंड
१८ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, सांभाळून घ्या. नव्या वीज कंपनीचं पत्र तुम्हाला मिळालं, हे मॅव्हिस मावशीनं कळवलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "दंड कुठाय?" दंड नाही, बाबा. एक पेनीसुद्धा नाही. उलटून पाहा, मागे पण नाही.

दोन वर्षांपूर्वी मी काय करून ठेवलं होतं ते तुम्ही कधी काढलं नाहीत, पण मी विसरलेलो नाही. स्वस्त दर दिसला, घरी आलो होतो, कोट अंगात आणि बूट पायात, तसंच उभ्या उभ्या बटण दाबून तुमची कंपनी बदलून टाकली. जुन्या कराराला अडीच महिने बाकी होते. मुदतीआधी सोडल्याचा दंड, विजेचे पंचाहत्तर पौंड आणि गॅसचे पंचाहत्तर. चार आठवडे थांबलो असतो तर काहीच लागलं नसतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "डेल, तुला दार दिसलं की पाय शिवशिवतात." खरं होतं ते. बेकरी अकरा दिवसांत सोडली, गोदाम तीन महिन्यांत, आणि शाळेचं तर विचारूच नका.

या खेपेला मी करार मागवून घेतला. सात पानं. ओळीखाली बोट ठेवून वाचली, तीन रात्री लागल्या, मधे दोनदा पानं भिरकावून दिली आणि परत उचलून आणली. पाचव्या पानावर सापडलं: मुदत संपायच्या आधीचे शेवटचे एकोणपन्नास दिवस ग्राहक मोकळा, दंड घेता येणार नाही. तुमची मुदत तीस नोव्हेंबरला संपते. बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं, मग इथल्या मत्स्यशेतीवरच्या मुकादमाला मोजायला लावलं. तिन्ही वेळा बारा ऑक्टोबर आलं.

पण चांगला दर निघाला सव्वीस सप्टेंबरला. सोळा दिवस आधी! मावशीचा रोज फोन. "अरे दाब की बटण! उद्या दर गेला म्हणजे काय, तुझं तोंड बघायचं?" आठ तारखेला दर खरंच थोडा चढला. मावशी म्हणाली, "गेली बस. बस आता मासे मोजत." बाबा, माझा अंगठा नुसता वळवळत होता. पण तेव्हा मला तुम्ही दिसत होतात. कबुतरांच्या शर्यतीच्या सकाळी टोपलीच्या कडीवर हात ठेवून उभे. आजूबाजूचे सगळे ओरडतायत, सोडा, सोडा, आणि तुम्ही वारा बघताय. तुम्ही मला शिकवायला गेला नाहीत कधी. मी नुसता बघत होतो, एवढंच.

मी माशांच्या खाद्याच्या तराफ्यावर दोरीला सोळा गाठी मारून ठेवल्या होत्या आणि रोज कामावर चढलो की एक सोडायची. पोरं हसायची. "डेल, लग्न ठरलंय का रे?" म्हटलं, त्याहून अवघड आहे. बारा तारखेला रविवार. शेवटची गाठ सोडली आणि धक्क्याच्या टोकाला गेलो, कारण रेंज तिथेच येते. हाताला सॅमन माशांचा वास, पडद्यावर बोट घसरतंय. दर आठ तारखेला चढला होता तिथेच होता. दाबलं. मग अर्धा तास तिथेच उभा राहिलो. कुठे जावंसंच वाटेना. असं मला आधी कधी झालं नव्हतं.

आणि तुम्ही! कंपनी बदलायच्या दिवशी मीटरचे आकडे पाठवायचे होते, तर तुम्ही गुडघे दुखत असताना जिन्याखाली वाकून शिरलात, विजेरी दातात धरून. मावशी सांगते, आकडे तुम्ही कबुतरांच्या वहीत लिहिलेत, वेळेसकट आणि वाऱ्याच्या दिशेसकट. मी ते तराफ्यावर सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, असा आहे माझा बाप.

इथलं माझं कामही तीस नोव्हेंबरलाच संपतं. मुकादम म्हणाला, आधी जायचं तर जा, अडवत नाही. मी म्हटलं, नाही, पुरं करून जाणार.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. त्या हिवाळ्यात मी विचारलं होतं, ढाबळीतली तुमची निळी मादी कुठे दिसत नाही? तुम्ही म्हणालात, ससाण्यानं नेली. मागच्या नाताळात मावशीच्या तोंडून निसटलं. म्हणाली, "ससाणा गूल गावचा होता, दोन पायांचा, डोक्यावर टोपी. दीडशे पौंड मोजून घेऊन गेला." माझ्या दंडाएवढेच. बाबा, वर्षभर मला हे माहीत होतं, पण रिकाम्या हातानं बोलायचं नव्हतं. त्या टोपीवाल्याशी, क्लिफर्डशी, मी फोनवर बोललो. निळी त्याच्याकडे आहे. पिल्लं काढण्यापुरती ठेवलीय, दोन वर्षं जाळीतच, कारण मोकळी सोडली तर ती कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक आहे. मी माझ्या पगारातून ती परत घेतली. आणून द्यायला माणूस नको, असं आमचं ठरलंय. सव्वीस तारखेला, रविवारी सकाळी, वारा बघून तो त्याच्या अंगणात टोपली उघडणार आहे. वारा बरा नसला तर थांबेल, मी बजावलंय.

ढाबळीचं दार उघडं ठेवा.

तुमचाच, या वेळी थांबलेला,
डेल