धाग्यांची पाटी

डिलाईल रोड, मुंबई
रविवार, ता. १७ जानेवारी १९६०

चिरंजीव रामदास यास,

काकाचा सप्रेम जयभीम. तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिलं २० नोव्हेंबरचं, दुसरं ११ डिसेंबरचं, तिसरं परवा आलं. दुकानात गर्दी असल्यामुळे मला लिहायला होत नाही, असं काकूने तुला कळवलं असेल. तसं कळव म्हणून मीच तिला सांगितलं होतं.

इकडे सर्व ठीक आहे. काकूचा खोकला कमी आहे. नलूची मॅट्रिकची परीक्षा मार्चात. भूमितीत तिला गती आहे, इंग्रजीत धांदरट आहे. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे आता पक्कं दिसतं, त्यामुळे ज्याने त्याने आपण मोर्चात खाल्लेल्या लाठ्या सांगायला सुरुवात केली आहे. तळमजल्यावरच्या अप्पांच्या लाठ्या मी मोजत आलोय. दिवाळीत चार होत्या, काल अकरा झाल्या.

तुझ्या तिन्ही पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न आहे. त्याच्याकडे येतो. आधी तुझ्या पत्रांतल्या चुका.

तू लिहितोस, 'दुकानातली ती फळी'. ती फळी नाही, पाटी आहे. सागवानी आहे, आणि तिचे कोपरे मी स्वतः घासलेत. तू लिहितोस, 'फूटभर अंतरावर धरतात'. फूटभर नाही, चौदा इंच. त्यासाठी पाटीला काठी बसवलेली आहे, ती गिऱ्हाइकाच्या कपाळाला टेकते. दोन वर्षं डोळे तपासायचं शिक्षण घेणाऱ्याने अंतर अंदाजाने लिहू नये.

ही पाटी का झाली हे तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुझ्या प्रोफेसरांना तू ती कशी वर्णन करून सांगितलीस याचा मला भरवसा नाही. फोर्टातल्या शेटच्या चष्म्यांच्या दुकानात झाडू मारता मारता मी काच घासायला शिकलो. मला कोणी शिकवलं नाही, मी बघत गेलो. कॅटलॉग वाचून इंग्रजी शिकलो. इथे जिन्याखाली स्वतःचा गाळा घेतला तेव्हा अक्षरांचा तक्ता लावला, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की गिऱ्हाइकाला अक्षर येत नाही. गिरणीतल्या माणसाला काय येतं? धागा येतो. म्हणून मांजरपाटापासून मलमलीपर्यंत सात तुकडे चिकटवले, प्रत्येकावर पाव इंचाची खिडकी ठेवली. धागे मोज आणि सांग. मांजरपाटाचे अकरा, मलमलीचे बावीस. माणूस कुठे अडला ते बघायचं आणि त्याप्रमाणे काच द्यायची. एकाही गिऱ्हाइकाला 'मला वाचता येत नाही' असं खाली मान घालून सांगावं लागलं नाही.

आणखी एक. तुझ्या वडिलांना आणि तुझ्या मामाला, कोंडीरामला, जन्मभर सूत कातायच्या रिंगखात्यात ठेवलं. कापड विणायच्या साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि आपलं तोंड लागलेला धोटा त्यांना चालत नसे. तेच साचेवाले आज माझ्या गाळ्यात बाकावर रांगेने बसतात आणि माझ्या काठीला कपाळ टेकून धागे मोजतात. त्या पाटीचा मला अभिमान होता. अजून आहे. हे तुला कोणत्या पुस्तकात मिळणार नाही.

तू पाठवलेली अभ्यासक्रमाची यादी आणि छापील धडे नलूकडून वाचून घेतले. प्रकाशशास्त्र ठीक. डोळ्याची रचना ठीक. पण इतकं शिकून तुम्ही औषधाचा थेंब घालायचा नाही, चाकू धरायचा नाही, शेवटी माणसाला डॉक्टरकडेच पाठवायचं, मग हे शिक्षण कशासाठी, असा मला राग येत असे. असे म्हणतो, कारण तो राग दिवाळीपर्यंतचा होता. नंतरचा राग निराळा आहे. त्या धड्यांतला एक शब्द कोशात सापडत नाही, दुसरा सापडतो तर त्याचा अर्थ आणखी तिसऱ्याच शब्दात दिलेला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मुलीच्या समोर बसून मी 'पुन्हा वाच, पुन्हा वाच' करतो. ती परवा म्हणाली, "बाबा, परीक्षा माझी आहे की तुमची?" मी कोश आपटला. पुठ्ठा सुटला. तो मग मीच शिवला.

आता प्रश्न.

'कोंडीराममामांना दवाखान्यात नेलं का?'

दिवाळीत काय झालं ते आपल्या दोघांनाही आठवतं, पण तुला कदाचित रागाने आठवत असेल, म्हणून मी जसं झालं तसं लिहितो. कोंडीराम पाटीपुढे बसला होता. मागे बाकावर दोन साचेवाले होते. त्याने सातही खिडक्या मोजल्या, मलमलीच्या बावीसवर एकदाही अडखळला नाही. तू त्याच्या डाव्या बाजूला चहाची कपबशी धरून उभा होतास. तो घेईना. मी म्हटलं, "मामांना आता मंत्र्यासारखा चहा भरवायचा का?" सगळे हसले, तोही हसला आणि मान पूर्ण वळवून त्याने बशी शोधली. तू हसला नाहीस. तू त्याच्यासमोर स्टूल ओढलंस, त्याचा एक डोळा झाकलास, बाजूने बोट आणत गेलास. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसलं."

तू म्हणालास, "काका, मामांना आजच दवाखान्यात न्यायला हवं. पाटी फक्त मधलं बघते. यांचं कडेचं गेलंय."

हे तू साचेवाल्यांच्या देखत म्हणालास. त्यावर मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. "दीड वर्षात डॉक्टर झालास का" हे त्यातलं बरं वाक्य. "पुन्हा या दुकानात पाय ठेवू नकोस" हेही बोललो. तू दुसऱ्या दिवशी गेलास. मी सोडायला आलो नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. कोंडीराम जिना उतरून परत आला आणि म्हणाला, "राजाराम, पोरगं काहीतरी बघूनच म्हणत असेल. जाऊन येऊ का?" मी म्हटलं, "पोराचं काय ऐकतोस. तुझी नजर माझ्याहून पक्की आहे." आणि सव्वादोनचा चष्मा अडीच करून दिला.

रामदास, मी त्याला नेलं नाही. एवढंच नाही. तो जात होता, त्याला मी थांबवलं.

मग सगळं जे डोळ्यांपुढे होतं ते मला दिसत होतं, आणि मी त्याला दुसरीच नावं देत होतो. चाळीत लोक म्हणायला लागले, कोंडीराम तोऱ्यात आहे, बाजूने जाणाऱ्याचा जयभीम घेत नाही. मीही म्हटलं, पोरगा बाहेर शिकतोय म्हणून मामाला ताठा आला. रिंगखात्यात डावीकडचे तुटलेले धागे राहू लागले, खात्यावरच्या जॉबरने दोनदा शिव्या दिल्या. मी म्हटलं, वय झालं.

१३ डिसेंबरला आम्ही दोघे परळहून सभा ऐकून परतत होतो. तो माझ्या उजव्या हाताला, म्हणजे त्याच्या डावीकडे मी. मी पानाच्या गादीशी थांबलो. तो बोलत बोलत पुढे गेला. मी बाजूला नाही हे त्याला कळलंच नाही, रामदास. दहा-बारा पावलं तो माझ्याशी बोलत चालला होता. मग डावीकडून हातगाडी आली, गाडीवाला ओरडला, आणि हा ओरडा कुठला ते बघायला वळेपर्यंत दांडा बरगडीत बसला. गाडीवाला म्हणाला, "आंधळा आहेस काय?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याची काहीच चूक नव्हती.

बरगडीसाठी नेलं, तिथून डोळ्याच्या दवाखान्यात पाठवलं. काचबिंदू. डावा डोळा गेला आहे. उजव्याचं ऑपरेशन २१ तारखेला झालं. त्यात नळीतून बघावं एवढं उरलं आहे, तेवढं राहील म्हणतात. डॉक्टर तरुण होता, तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. मी विचारलं, "दिवाळीत आणला असता तर?" तो म्हणाला, "डावा तेव्हाही वाचला नसता. उजव्यात आणखी थोडं उरलं असतं."

मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?"

तो म्हणाला, "ते सांगायला तेव्हा मोजायला हवं होतं."

कामावरून त्याला कमी केलं. मागच्या बुधवारी तो दुकानात आला. नलूने हात धरून आणला. सवयीने पाटीपुढे बसला, कपाळ काठीला टेकलं आणि उजव्या डोळ्याने मलमलीचे धागे मोजायला लागला. बावीस मोजले. मग म्हणाला, "राजाराम, मी तेव्हाही बरोबरच मोजले होते ना?"

मी म्हटलं, "बरोबर मोजले होतेस."

"मग?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट जाताना म्हणाला, "रामदासला यातलं लिहू नकोस. परीक्षा होऊ दे. मामा बरा आहे म्हणून कळव." गेले चार दिवस मी या वाक्याच्या मागे लपलो. कोंडीरामने सांगितलं म्हणून लिहीत नाही, असं काकूला म्हणालो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तो त्याचा मोठेपणा आहे. तुम्ही तो पांघरू नका."

तेव्हा वर 'सर्व ठीक' लिहिलं आहे ते चूक आहे. खोडत नाही, कारण मी ते लिहिलं हे तुला दिसलं पाहिजे.

पाटी मी काढलेली नाही. जवळच्या चष्म्याला ती अजून बरोबर आहे. पण तिच्यासमोर बसवायच्या आधी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो, एक डोळा झाकतो आणि तू केलंस तसं बोट बाजूने आणतो. साचेवाले हसतात. "चष्मेवाले, भुताटकी काढता का?" म्हणतात. काढतो म्हणतो. एकाच्या बाबतीत मला शंका आली, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेलो. त्याला काही नव्हतं. त्याचा अर्धा दिवस बुडाला म्हणून तो चिडला. चिडू दे.

मात्र बोट कुठे दिसायला हवं हे मला पक्कं कळत नाही, आणि याचा मला रोज संताप येतो. धडा नलूने दोनदा वाचला. आकृती समजते, आकडे समजत नाहीत. म्हणून मी भिंतीवर खडूने कमान आखली, बारा माणसांना बसवलं आणि प्रत्येकाला बोट कुठे दिसलं ते दोरीने मोजलं. तक्ता सोबत जोडला आहे. वरच्या बाजूला सगळ्यांना कमी दिसतं असं माझ्या मोजणीत येतं. ते भुवईमुळे की माझ्या चुकीमुळे, ते मला ठरवता येत नाही. तू तपास. जिथे चुकलं असेल तिथे लाल शाईने खूण कर आणि तक्ता परत पाठव. माझी मर्जी राखू नकोस. राखलेली मला ओळखू येते.

परीक्षा झाल्यावर तिकडेच मदतनीस म्हणून राहायला सांगताहेत असं तू लिहिलं आहेस. राहावंसं वाटलं तर राहा. दिवाळीत मी जे बोललो त्यावरून तुला परत ये म्हणण्याचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून म्हणत नाही. फक्त पाय ठेवू नकोस हे माझे शब्द मी मागे घेतो. ते बाकावर दोन माणसं असताना बोललो होतो. काल तेच दोघे बाकावर होते, त्यांच्यासमोरच मागे घेतले. काय घडलं आणि चूक कोणाची, ते नावानिशी सांगितलं. त्यांपैकी एकाने विचारलं, "मग आता आमचे डोळे कोणी बघायचे?" मी म्हटलं, "विचारून सांगतो."

कोंडीरामला वेगळं पत्र लिही. मी सगळं कळवलं आहे हे त्याला कळू दे, नाहीतर तो बरा असल्याचं सोंग घेत बसेल. नलू वाचून दाखवेल. तिला सांगितलं आहे, मामांच्या अगदी समोर बसून वाच. बाजूला बसलीस तर आपण एकटेच आहोत असं त्यांना वाटेल.

तक्त्याची वाट पाहतो. आजवर पत्राखाली 'राजाराम, चष्मे तज्ज्ञ' अशी सही करत आलो. ही तशी केलेली नाही.

तुझा काका,
राजाराम