रेंज फुल आहे

मिल्टन कीन्स,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

पप्पा,

तुम्हाला आणि आईला जय भीम. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, म्हणून हे पत्र तुम्ही वाचू नका. दियाला वाचायला सांगा, मोठ्याने, सगळ्यांसमोर. काशीनाथकाकांनाही बोलावून घ्या. मी बरा आहे. थंडी फार आहे, पण दिवसभर तंदूरपुढे उभा असतो, त्यामुळे कळत नाही. आईला सांगा, जेवतो वेळेवर.

आता फोन सोडून पत्र का, ते सांगतो.

काकांनी तुम्हाला सांगितलंय की इकडच्या दोन मोबाईल कंपन्या एक झाल्या, आता सम्यकचा फोन लागायलाच पाहिजे. खरं आहे. आमचं हॉटेल गावाबाहेर उतारावर, त्यात किचन तळघरात. तिथे माझ्या कंपनीची रेंज कधीच नव्हती. तुमचा फोन घ्यायला मी मागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभा राहायचो, तिथेही अर्धं ऐकू यायचं. मग मेसेज आला की कंपन्यांचं मर्जर झालं, नंबर तोच राहील, तुम्ही काही करायचं नाही. मला वाटलं, नेहमीची थाप. पण एक दिवस कांदा चिरत होतो आणि खिशात फोन वाजला. तळघरात. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडायला लागला होता. माझ्यासोबत काम करणारा वीर हसून म्हणाला, "सम्या, गेला रे तुझा बहाणा."

सगळंच सुधारलं असं नाही. हाय स्ट्रीटवरचं आमच्या कंपनीचं दुकान बंद झालं. तिथली बाई माझं तोडकंमोडकं इंग्लिश समजून घ्यायची. आता हेल्पलाइनला मशीन बोलतं, आणि मी काय बोलतो ते त्या मशीनला कळत नाही. पण रेंज फुल आहे.

तेव्हा स्पष्टच लिहितो. आठवडाभर तुमचे फोन आले ते मी घेतले नाहीत. रेंज होती. पण दियासाठी आलेल्या अंशुमनच्या स्थळाबद्दल मी फोनवर बोलणार नाही. तुमचा फोन स्पीकरवर असतो. मी तोंड उघडलं की काका म्हणतात, "बरं बरं, मुलगा चांगला आहे ना? मग हो म्हण." नववी नापास पोराने तेवढंच बोलायचं. पत्राला कुणाला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलं असतं, तर दियाच्या हातात पडायच्या आत काकांनी समाजाच्या सगळ्या ग्रुपवर फिरवलं असतं.

तुम्ही म्हणालात, मुलगा बघून ये, तू म्हणशील तसं करू. गेलो ब्रॅकनेलला. ट्रेन बदलत बदलत, आईने सांगितलं तशी मिठाई घेऊन. घर नीटनेटकं. मुलगा निर्व्यसनी, बोलायला मऊ. मला स्वतः पोहे करून दिले. मीठ कमी होतं, पण केले.

आणि बघा, तो मोबाईलच्या टॉवरच्याच कामात होता. माझा फोन तळघरात वाजावा म्हणून जी माणसं लॅपटॉपवर बसली होती ना, त्यातलाच एक.

होता. आता नाही. दोन कंपन्यांचं एक झालं, तशी एका कामावर दोन माणसं नकोशी झाली. त्याला नोटीस मिळालीय. दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही तर व्हिसापण जाईल.

यात त्याचा दोष नाही. नोकरी कुणाचीही जाते. मी तर लीड्सला चांगली चाललेली सोडून आलो, तुम्ही अजून बोलता त्यावरून. मी त्याला एवढंच विचारलं, घरी सांगितलंस का? तो म्हणाला, "लग्नानंतर सांगू ना. दियाचं बीएस्सी नर्सिंग झालंय. परीक्षा दिल्या की इथलं हॉस्पिटल तिला घेईल. मग मी तिच्या व्हिसावर राहीन."

म्हटलं, तिला विचारलंस?

"काशीनाथकाकांना माहीत आहे," म्हणाला.

पप्पा, त्या घरात मी दुपारभर बसलो. दियाला काय आवडतं, ती कशी आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही. तिच्या परीक्षा कधी आहेत, ते मात्र विचारलं.

त्यांनी हुंडा नको म्हटलं, विहारात साधं लग्न लावू म्हटलं, तेव्हा तुम्हाला केवढा अभिमान वाटला. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून काका त्यांचं कौतुक करत होते. हुंडा नको हे खरंच आहे. त्यांना दियाची नोकरी हवी आहे, जी तिला अजून लागलीसुद्धा नाही. मी याला हुंडाच म्हणतो. शिकलेली माणसं दुसरं काही म्हणत असतील.

मी हो म्हणणार नाही. काका नाराज झाले तर होऊ देत. मला इकडे पाठवायला त्यांनी धावपळ केली, ती मी विसरलो नाही. पण माझ्यासाठी केली होती. त्याची परतफेड दिया करणार नाही.

आता शेवटचं. हे सगळं मी दियाला आधीच सांगितलंय. तळघरातून, फुल रेंजमध्ये. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, मला यूकेला यायचंय. पण कुणाचा व्हिसा म्हणून नाही." म्हटलं, पप्पांशी बोलू का मी? तर म्हणाली, "तू पत्र लिही. ते मलाच वाचायला सांगतील."

म्हणजे आत्ता वाचतेय तिला यातली ओळ न् ओळ माहीत होती. तरी वाचत इथवर आली. पप्पा, एका डोळ्याने का होईना, बघा तिच्याकडे.

दिया, कागदाची घडी घाल. यापुढे मी लिहिलेलं नाही, तू बोल. काका, तिला मधे तोडू नका.

तिचं बोलून होईपर्यंत मला फोन करू नका, मी घेणार नाही. झालं की तिच्या फोनवरून करा. पहिल्या रिंगला उचलतो.

दियाचा दादा, आणि तुमचा मुलगा,
सम्यक