मंगलच्या गालावरच्या रेघा

मंगळवार, १२ जून २००७

सुमे, माझ्या वहीत आधी तारीख घाल, कालबी विसरलीस. मला अक्षर येत न्हाय, तू शिकून विसरतीस.

शेजारच्या बारशाला मी बायकांत म्हटलं, "आमची मंगल माझी लेक न्हाय, थोरली भन वाटतीया." सगळ्या हसल्या, तुझी मंगलआत्याबी हसली. आज ती डॉक्टरकडनं आली. नाकापासनं तोंडापर्यंतच्या रेघा सुईनं औषध घालून भरून घेतल्या म्हणं. गाल सुजलाय, हसाय जमंना.

"कुणी सांगितलं गं हे?"

"तूच की, आई."

त्या रेघा माझ्याच हायत, माझ्याकडनंच तिला गेलेल्या. मग मी हसले कुणाला? चुकलं माझं, लिही. तिच्या तोंडावर म्हणाय जीभ रेटंना.

उद्या तिच्याकडं गुरगुट्या भात पाठव, वर तूप सोड. चावाय लागंल असं काय नको.