बर्फाच्या पाण्यात घेतलेलं नाव

६ जानेवारी, सोमवार
मंजुश्री आली. ह्यांची पुतणी, कलबुर्गीला दुखण्यावर संशोधन करायलीय. दुखणं थांबवायचं सोडून लोकांना दुखवते! बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावते अन् कुणी किती वेळ सोसलं ते घड्याळात बघते. एकदा साधा शब्द म्हणत, एकदा शिवी देत. शिवीनं जास्त सोसतं म्हणे!
"काकू, पन्नाशीपुढची एकच बाई कमी पडायलीय. तू न्हाई आलीस तर माझं काम अडतंय."
पोर अडली म्हणून व्हय म्हणलं. पण शिवी? गुरुवार धरणारी बाई मी!

८ जानेवारी, बुधवार
आमच्या बिदरकडच्या मेहकरहून भालकी, भालकीहून कलबुर्गी. डबा घरचाच नेला.
पहिल्यांदा "पाट, पाट" म्हणत हात बुडवला. अडतीस सेकंद! मग कोमट पाण्यात शेकला, आणि शिवीची पाळी. साधं "मेल्या" सुद्धा निघेना.
मंजू म्हणाली, "शिवीच पाहिजे असं न्हाई. जे कधीच तोंडातून काढत न्हाईस, ते म्हण."
बोटं तुटायलेली – आणि निघालं काय? "गुंडेराव! गुंडेराव!"
ह्यांचं नाव! लग्नापासून उखाण्यात घेतलं तेवढंच.
दोन मिनिटं अकरा सेकंद. मंजू हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मला रडू. नवऱ्याचं नुसतं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, सासूबाई सांगायच्या. मी तर साठेक वेळा घेतलं!
नावांच्या बाबतीत सासूबाई लई कडक. लग्नात माझी अनसूयाची राजूबाई केली, आणि जुनं नाव ह्या घरात कुणी काढायचं न्हाई म्हणून ताकीद दिली. एकतीस वर्षं झाली, कुणी काढलं न्हाई.

९ जानेवारी, गुरुवार
हे दोनदा शिंकले. मी लगेच मैलारच्या मल्लण्णाला नारळ बोलले.

१० जानेवारी, शुक्रवार
मंजूचा फोन. "काकू, ते नाव रोज नको वापरू हां. सवय झाली की गुण जातो." मी कशाला वापरते!

११ जानेवारी, शनिवार
गच्चीवर तूर वाळत घातली. उतरताना गुडघ्यात अशी कळ! एकदाच म्हणलं, हळूच. उतरले!
दोनदा म्हणलं. खोटं कशाला लिहू.
खालून हे – "मला हाक मारलीस का गं?"
"न्हाई हो, मांजर!"
"मांजर गुंडेराव म्हणायलंय?"
आता काटकसरीनं वापरायचं.

१४ जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकू. शेजारच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "उखाणा घे की, राजूबाई!" घेतला न्हाई. तिळगुळासाठी कशाला नाव खर्च करू? गुडघा अजून लई वर्षं चालवायचाय.
"कामून गं, नवऱ्याशी भांडलीस?"
त्यांच्या हातावर तिळगुळ ठेवला अन् पुढं सरकले.

१६ जानेवारी, गुरुवार
वरवंटा ह्यांच्या अंगठ्यावर पडला. माझ्याच तोंडाचं पाप, म्हणून हळद घेऊन धावले. हे एका पायावर नाचत, डोळे गच्च मिटून ओरडायलेले –
"अनसूया! अनसूया! अनसूया!"
घड्याळ बघायचं राहूनच गेलं.