गुड फ्रायडेची साखळी

मी, हिल्डा मार्जरी थ्रॉसल, वय एक्याऐंशी, लोखंडी सामानाची दुकानदार, राहणार ९, मार्केट प्लेस, ऑल्डरविक, हे लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं गेलेलं नाही. माझा भाचा क्लाइव्ह याला त्याबद्दल शंका आहे, म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. दुकान, वरचं घर आणि मागचं अंगण मॉरीन गॅथरकोलला द्यावं. ती सोळा वर्षं माझ्या काउंटरमागे उभी आहे आणि अजूनही खिळे सुटे, कागदात बांधून देते. अट एकच, दर्शनी भागाला हात लावायचा नाही. फुगीर काचांची खिडकी, बुटांचा चिखल खरवडायचं दाराजवळचं लोखंड, मधोमध झिजलेली पायरी, विटांवर राहिलेलं आजोबांचं पुसट नाव, सगळं आहे तसं राहील. नगरपालिकेने कोपऱ्यावरचा दिव्याचा ओतीव खांब उपटून तिथे फुलझाडांचं प्लास्टिकचं पिंप ठेवलं आहे. ते कोणी पळवलं तर मॉरीनने काही पाहिलेलं नाही.

२. गावच्या संग्रहालयाला काहीही देऊ नये. आईचा लोण्याचा लाकडी साचा त्यांनी हरवला आणि वर मलाच विचारलं, तो कसा दिसत होता.

३. एडविन पेनक, शेजारचा निवृत्त खाटीक. त्याचं पन्हाळं १९७४ पासून माझी भिंत भिजवत आहे. तो गावच्या वारसा मंडळाचा अध्यक्षही आहे. या मंडळाने स्मृतिफलक भलत्याच घरावर ठोकला, आणि चूक कबूल करावी लागेल म्हणून तो तिथेच ठेवला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असा कायदा आहे. म्हणून मी पेनकलाच साक्षीदार केलं आहे.

४. दुकानाशेजारचा, मार्केट प्लेसमधून चर्च स्ट्रीटला निघणारा बोळ. मे महिन्यात क्लाइव्ह जागा मोजणाऱ्या एका टेपवाल्याला घेऊन तिथे उभा होता. बोळात बोललेलं माझ्या खिडकीत जसंच्या तसं ऐकू येतं, हे त्याला लहानपणापासून कधी कळलं नाही.

"बोळावर छप्पर टाकलं की मागे सोळा फ्लॅट बसतात," टेपवाला म्हणाला. "पण वाट गावाची नाही ना?"

"छे हो! आत्या दर गुड फ्रायडेला गेटला साखळी घालते, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मागे जायला दुसरी वाटच नाही. बोळ ज्याचा, अंगण त्याचं."

"आणि आत्या?"

"किती दिवस काढणार म्हातारी?"

मग वर येऊन त्याने माझा केक खाल्ला. दोन तुकडे. म्हणाला, "आत्या, मला बाकी काही नको गं. आठवण म्हणून तो बोळ तेवढा दे."

त्याने मागितलं ते मी देते. बोळ, गेट, साखळी आणि कुलूप क्लाइव्ह थ्रॉसलला द्यावं.

५. आता साखळीबद्दल. आपली वाट लोकांना सलग वीस वर्षं बिनआडकाठी वापरू दिली की ती गावाची होते. म्हणून मालक ती वर्षातून एक दिवस बंद ठेवतो. वडील गुड फ्रायडेला ठेवत, त्यांच्यामागे मी. आणि दर वर्षी सकाळी नऊला पेनक येऊन गेटला लाथ मारून ओरडायचा, "गावाची वाट अडवता, लाज नाही वाटत?"

२००१ साली साखळी घालायला उतरताना मी जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. दुकान बंद, घरात मी एकटी. दोन तास फरशीवर पडून होते. नऊ वाजता पेनक आला आणि गेट उघडं पाहून गोंधळला.

"अहो थ्रॉसलबाई, साखळी कुठंय? मेलात की काय?"

त्याने दाराची जुनी काच फोडली. ती मी माफ केलेली नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत स्वतःचा कोट माझ्या डोक्याखाली ठेवून तो साखळीला शिव्या देत बसला. मला तो माणूस आवडत नाही. पण त्या दिवशी माझ्या नसण्याची दखल घेणारा गावात तेवढा एकच होता.

त्यानंतर मी साखळी घातलेली नाही. 'खाजगी'ची पाटी रंगवायला म्हणून काढली, ती अजून रंगवायचीच आहे. दर गुड फ्रायडेला नऊच्या ठोक्याला पेनक बोळातून जातो आणि वर बघून ओरडतो, "दोन झाली, थ्रॉसलबाई!" पुढच्या वर्षी, "तीन झाली!" मी ओरडते, "चालते व्हा!" क्लाइव्ह गुड फ्रायडे-ईस्टरच्या सुट्टीत स्पेनला असतो.

तेव्हा वाट गावाची झाली आहे, आणि ती व्हावी हीच माझी इच्छा होती, असं मी स्पष्ट लिहून ठेवते. जिवंतपणी जाहीर केलं असतं तर पेनकने फीत कापली असती. क्लाइव्हने खालची जमीन सुखाने बाळगावी. छप्पर टाकता येणार नाही.

वीसच्या पुढे किती झाली ते मी मोजलेलं नाही. मोजणारा खाली सही करणार आहे. त्याने फक्त माझी सही पाहायची, मजकूर मी ब्रेडच्या कागदाने झाकणार आहे. पण पेनक उलटी अक्षरंही वाचतो.

ऑल्डरविक, २ सप्टेंबर २०२३

सही: हिल्डा मा. थ्रॉसल

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली:

ग्लॅडिस ओट्स, बेकरी, ११, मार्केट प्लेस

एडविन पेनक, ७, मार्केट प्लेस. तेवीस झाली.