साताऱ्याची सुनावणी

आत्या, तुम्ही गोठा झाडून शेणाची पाटी उकिरड्यावर टाकून आलात, तेव्हा मी रानात न्यायच्या भाकरी फडक्यात बांधत होते. चुलीवरचं दूध उतरवलं होतं, पाण्याच्या दोन खेपा झाल्या होत्या. तुम्ही हात धुतले आणि खुंटीवरचा दोर काढला. आपली पोरगी गोठ्याच्या खांबाला पाठ लावून बसली होती. तिनं आपणहून उजवा पाय पुढे केला. तुम्ही पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, वरून दोर बांधला, पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा जवळ ठेवला. रानात पोचेपर्यंत तुम्ही पदरानं डोळे पुसत होता आणि मला म्हणत होता, "धूळ लय हाय गं आज."

तिला बांधल्याशिवाय इलाज नव्हता. मोकळी सोडली की ती विहिरीकडे जायची आणि वाकून आत बघत राहायची. तिचे वडील, म्हणजे तुमचा लेक, पलटणीत आजारी पडून गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. रान करायला आपण दोघीच. शाळेत होती तोवर निदान दुपारपर्यंत घोर नव्हता. पण ती वर्गातून उठून जाते, पाटीवर नुसत्या रेघा ओढते, तिला काही येणार नाही, असं सांगून गुरुजींनी तिचं नाव पटावरून कमी केलं. मी निमूट घरी घेऊन आले. गुरुजींच्या तोंडाला लागायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

तुम्ही मात्र साताऱ्याची यष्टी धरलीत. भावकीच्या वाटणीचा दावा ज्यांनी चालवला होता, त्याच वकिलांकडे मला आणि पोरीला घेऊन गेलात. माडीवर त्यांचं छोटं ऑफिस होतं. ते म्हणाले, "अशा मुलांसाठी वेगळा कायदा नाही आजी. सक्तीच्या शिक्षणाचा आहे, पण तो आईबापांना लावतात, मुलं शाळेत घालत नाहीत म्हणून. तोच मी उलटा शाळेला लावून बघतो. होईलच असं नाही." तुम्ही म्हणालात, "आवं, न्हाई झालं तर हाय तिथंच हाय की आमी." त्यांनी शिक्षणखात्याकडे अर्ज केला. फी विचारली तर हसले आणि म्हणाले, पुढच्या खेपेला पावट्याच्या शेंगा आणा. निघताना जिन्यापर्यंत येऊन बजावून सांगितलं, "पोरीला काही पढवू नका. आहे तशी साहेबांपुढे येऊ द्या."

घरी आल्यावर तुम्ही पढवायलाच घेतलंत. रोज सांजेला तिला पाटावर बसवून नाव, वडलांचं नाव, गाव, गाई किती, हाताला बोटं किती, शाळा आवडते का. ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आलं की गुळाचा खडा. मी एकदा म्हटलं, "आत्या, वकीलसाहेब नको म्हणाले होते." तर माझ्यावरच खेकसलात. "वकिलाला कोर्ट कळतंय. पोरगी बघाय पाव्हणं आल्यावर हाय तसं कोन दावतं गं? तुला दावली तवा तुज्या आईनं तुजा चकणा डोळा भिंतीकडं करून बसीवली व्हती. मला काय कळलं न्हाई व्हय?" मला हसू आलं. तुम्हीही हसलात. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असेल.

सुनावणीच्या दिवशी आपण पहिल्या गाडीनं गेलो. कचेरीच्या आवारात लिंबाखाली तुम्ही तिची पुन्हा उजळणी घेत बसलात. मी म्हटलं, तिला खायला काही घेऊन येते, आणि पेठेत जाऊन फुटाणे आणले. मग आत बोलावलं. टेबलामागे अधिकारी, एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला आपले वकील. पोरीच्या केसांना तुम्ही इतकं तेल लावलं होतं की कपाळावर ओघळ आला होता.

अधिकाऱ्यांनी मायेनं विचारलं, "शाळा आवडते का गं तुला?" तिनं खणखणीत आपलं नाव सांगितलं. "शाबास. आज काय खाल्लंस?" तिनं वडलांचं नाव सांगितलं. "आणि कुणाबरोबर आलीस?" तिनं गावाचं नाव सांगितलं. भिंतीशी बसलेला कारकून हसला. वकिलांनी मान खाली घातली. गुरुजी हसले नाहीत, हे मी अजून विसरले नाही. पोरगी तुमच्याकडे वळून गुळासाठी हात पुढे करून उभी होती.

तुम्ही उठलात. "सायब, तिची चूक न्हाई. म्या पढवलंय तिला. तुमी सवाल उलटंपालटं टाकलं."

"आजी, खाली बसा," वकील हळूच म्हणाले.

"बसत न्हाई. तुमी नको म्हनला व्हता, म्या ऐकलं न्हाई. पर सायब, म्या अंगठा उठवनारी बाई. माज्याकडनं ती एवढं शिकली. गुर्जी तर शिकल्यालं मानूस. त्यांच्याकडनं किती शिकंल, ते कुनी बघितलंय का?"

गुरुजी म्हणाले, "साहेब, मी एकटा दोन वर्ग सांभाळतो. ती उठून विहिरीवर गेली, तर जबाबदारी कुणाची?"

"म्या बसते की वर्गात. म्या धरते तिला," तुम्ही म्हणालात.

वकील लगेच म्हणाले, "साहेब, हे लिहून घ्या." आणि अधिकाऱ्यांनी लिहिलं. घरचं माणूस सोबत बसेल, मुलीचं नाव पुन्हा पटावर घ्यावं.

त्यानंतर तुम्ही पहिलीच्या वर्गात दाराशी बसू लागलात. रानातलं सगळं माझ्या एकटीवर आलं. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "काय म्हातारे, पाटी कुठाय?" तुम्ही म्हणायचात, "सुनंनं धुवाय घातलीया." पुढे गुरुजीच तुम्हाला म्हणाले, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल. ती फार शिकली नाही, आत्या. स्वतःचं नाव लिहिते. मोजायला बसली की विसाच्या आसपास अडखळते. पण उंबऱ्याबाहेर जाऊन परत यायला शिकली.

आता आम्ही दोघी सांगलीत राहतो. तिचे केस पांढरे झालेत. परवा कुणाकडून तरी आपल्या पोरीचं ऐकून पलूसकडचं एक जोडपं मुलाला घेऊन आलं होतं. आता असल्या मुलांसाठी कायदे आहेत, तरी त्यांना शाळेनं नाहीच म्हटलं होतं. मी त्यांना इथल्या एका वकिलाचा पत्ता दिला आणि तुमची गोष्ट सांगितली. मुलाची आई रडली. आपली पोरगी आतून उठून आली आणि न विचारता तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली.

हे पत्र कुठे पाठवू? पलटणीतून आलेली तुमच्या लेकाची पत्रं वाचता यावीत, म्हणून मी एकेक अक्षर लावत वाचायला शिकले. तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवलं. हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि एका ठिकाणी थांबले असते. त्या दिवशी सुनावणीच्या आधी मी पेठेत गेले, ती फुटाण्यांसाठी नाही. आपण हरणार, असं मी धरूनच चालले होते. जुना दोर तिच्या पायाला काचत होता, म्हणून मी नवा, मऊ सुती दोर घेतला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. परतीच्या यष्टीत पोरगी तुमच्या मांडीवर झोपली होती. तुम्ही विचारलंत, "पिशवी जड का गं?" मी म्हटलं, "गूळ घेतलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही उठायच्या आत मी तो दोर विहिरीच्या पोहऱ्याला बांधला आणि पाणी भरलं.