खंडेनवमीला पुसलेला दट्ट्या

बाबा,

२१ ऑक्टोबर १९७२, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. आपल्या काडतुसांच्या कारखान्यातली ती चाचणीची खोली, जिथे तयार माल रायफलीतून झाडून बघत. दारात तुम्ही, तुमच्या बाजूला मोठे साहेब, आणि माझ्या तळहातावर मी स्वतः हातप्रेसवर भरलेली काडतुसं. साहेबांनी विचारलं, "किसने निकाला ये फॉल्ट?" तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या सहकाऱ्याकडे बोट केलंत. "इसने, साहब." तो बिचारा आ वासून बघत राहिला. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तू जा वं आपल्या टेबलावर." चारचौघांत, वं! घरी चालतं ते. मी तिथे तुमची मुलगी नव्हते, तपासनीस होते.

आता मीही रिटायर होऊन बसले आहे आणि हुडकेश्वरच्या या घरात दुपारी झोप येत नाही. पंखा बंद करते, लावते, पुन्हा उठते. मग म्हटलं, बाबांनाच लिहावं. ऐकून घ्यायचं नाही म्हणून तुम्ही उठून अंगणात जायचात. आता भिंतीवरच्या फोटोतून उठून जाणार कुठे?

दसऱ्यानंतर काय झालं होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण तुमच्यासमोर ते पूर्ण सांगायची संधी मला कधी मिळालीच नाही. सुट्टी संपून कारखाना उघडला. येताना रस्त्यावर दीक्षाभूमीहून परतणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायाबापड्यांची रांग होती, म्हणून बस उशिरा पोचली. आणि आत शिरते तो चाचणीची रायफल अडकलेली. नवीन आपोआप भरणारी रायफल, जुनीसारखी नाही. जुनीत शिपाई बोल्ट ओढून काडतूस हाताच्या जोराने आत ढकलायचा, केसभर लांब असलं तरी जायचं. ही स्वतःच मॅगझीनमधून एकेक उचलते. तिला लाड चालत नाहीत. काढून बघितलं तर गोळीच्या टोकावर घासल्याची चकचकीत रेघ. टोक मॅगझीनच्या पुढच्या भिंतीला रेटत होतं. सगळे म्हणाले, मॅगझीन खराब. मॅगझीन बदललं, तरी तेच. दसऱ्याआधीचा माल भरला तर मात्र सुरळीत.

मी हातप्रेसवर बसले. काही काडतुसांत गोळी तशीच वर ठेवली, काहींत नेमून दिलेल्या खोलीवर बसवली. वर ठेवलेली अडकली, नीट बसवलेली गेली. म्हणजे तुमच्या खात्यातलं मोठं मशीन गोळी पुरती आत दाबत नव्हतं. पण का? दसऱ्याआधी दाबत होतं, नंतर नाही, मधे तर मशीन बंद! आणि मग माझ्या डोळ्यांसमोर आली खंडेनवमी. तुम्ही पांढरा सदरा घालून, बाह्या सरसावून, रॉकेलच्या बोळ्याने एकेक पुर्जा घासताय. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पेढ्याचा डबा. गोळी दाबणाऱ्या दट्ट्याच्या खोबणीत वर्षभराचं काळं रोगण साचलेलं असायचं, तेच जे पाणी शिरू नये म्हणून काडतुसाच्या पितळी नळीच्या तोंडाला लावत. त्या थरामुळे गोळी जास्त आत जायची, म्हणून तुम्ही मधूनमधून दट्ट्या जरा जरा वर घेत होता. देवाच्या नावाने तुम्ही थर काढलात, आरशासारखा केलात, आणि दट्ट्या राहिला वरच. मळाचा हिशेब धरून लावलेलं माप, आणि मळच गेलेला.

ही चूक मला सापडली, कारण तुम्हीच मला शिकवलं होतं. मी कॉन्व्हेंटात नववीत होते. स्वयंपाकघरात आई लोणचं भरत होती. तुम्ही तिच्या हातून बरणी ओढून घेतलीत आणि तिचं बूच दाबून दाखवलंत. "पाह्य, बूच खोल गेलं का आतली जागा कमी. दारू पेटली का मंग दाब वाढते, रायफल फुटते. अन् वर राह्यलं तं रायफलीत जातच नाही. मधलं माप सापडलं पाहिजे." आई म्हणाली, "अवो, माह्या लोणच्यात काहून बंदूक घालून राहिले तुम्ही?" तुम्ही हसलात. मला वाटलं होतं, हा माणूस माझ्याशी असंच बोलत राहील.

त्या एकवीस तारखेच्या संध्याकाळी त्याच स्वयंपाकघरात मी तुम्हाला विचारलं, माझं नाव का घेतलं नाहीत? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "लोक म्हणले असते, बापानं पोरीले वर चढवलं."

"म्हणू द्यायचं होतं."

"तुले काय जाते बोलाले? तू काहून इतकी तोंडाळ वं?"

तोंडाळ! सिस्टरांनी शिकवलं होतं, खरं बोलावं आणि पाठ ताठ ठेवावी. फी तुम्हीच भरत होता. वर्षाच्या आत चाचणीच्या मैदानावरची जागा त्या सहकाऱ्याला मिळाली. मला हवी होती ती, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला मापखोलीत पाठवलं आणि मी तिथेच रिटायर झाले. रायफलीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकत.

दिवाळीला सगळ्यांना कपडे आणि मला तुम्ही एक पोलादी पट्टी दिलीत. घरच्या व्हाइसवर कानशीने घासून केलेली, मधे काडतुसाच्या लांबीची खाच. योग्य काडतूस आत बसतं, लांब असलेलं बसत नाही. कोपऱ्यात माझ्या नावाचं अक्षर कोरलेलं. ती माफी होती का? असेल तर तसं म्हणायचं. की तुमचं म्हणणं होतं, घे, माप घे आणि गप्प बस? पन्नास वर्षं मी ती पट्टी उलटसुलट करते आहे आणि माझं माप काही तिच्यात बसत नाही.

मला एकच विचारायचंय. लोक बोलतील ही भीती होती, की आपल्याच मुलीने साहेबासमोर आपली चूक काढली हे सहन झालं नाही? पहिलं असेल तर मी तुम्हाला भित्रे म्हणेन. दुसरं असेल तर निदान माझं काम तुम्हाला कळलं होतं, एवढं तरी होईल. बाकी काही मागत नाही.

येत्या खंडेनवमीला, दुपारी बारा वाजायच्या आत, लेखी उत्तर द्यावं. तोंडी चालणार नाही, सबबी चालणार नाहीत. त्या दिवशी मी शिवणयंत्र पुसणार आहे, आधी स्क्रू कितीवर लावलाय ते बघून. त्याच्यावर तुमची पट्टी ठेवून तिलाही झेंडू वाहते, दरवर्षी. पाकीट मी आणलेलंच नाही, त्यावर पत्ता कुठला घालणार? आणि उत्तरात नुसतं "तोंडाळ" एवढंच लिहिलंत, तरी चालेल. अक्षर तुमचं असावं.